डावऱ्याच्या खिशातले आम्ही दोघे

मी हाडाचा आकडा बोलतोय. वीतभर लांब, टोकाशी जरासा वाकडा. दोरा अडकवून लेस विणायची, एवढंच माझं काम. तुमच्याकडे मला क्रोशाची सुई म्हणतात. म्हणा, पण आज नको. आम्ही दोघे भाऊ होतो आणि मला कुणी सुई म्हटलं की दादाला फार हसू यायचं. ते हसू आज आठवायला नको वाटतं. गेल्या शुक्रवारी दादा परत आला. अर्धा.

मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. मी शिकलोय ते टाके, म्हणजे साखळी, मुका खांब, खांब, आणि मोजणी चुकली की उसवणं. बोललेलं उसवता येत नाही. म्हणून जसं येतंय तसं सांगतो.

आमचा जन्म रश्श्याच्या पातेल्यातला. बैलाच्या नळीचं हाड होतं ते. एमस क्लिंगर तेव्हा अकरा वर्षांचा होता. गवताच्या माळ्यावरून पडून त्याची मांडी मोडली होती आणि सगळा हिवाळा त्याला चुलीशेजारच्या बाकावर पडून काढायचा होता. आईनं कंटाळून त्याच्या हातात दोरा दिला. आकडा नव्हता, तो त्याचा त्यानंच केला. बापाच्या चाकूनं हाड तासलं, काचेच्या तुकड्यानं खरवडलं, राखेनं घासलं. आधी केला तो जाडा, लोकरीसाठी. तो माझा दादा. मग उरलेल्या तुकड्यातून मी, बारीक दोऱ्यासाठी. उरलेल्याचा झालो म्हणून असेल, पण मला कायम पुढे पुढे करायची सवय. दादा शांत होता. दोन टाक्यांच्या मध्ये तो मला एवढंच म्हणायचा, "आत हो."

एमस डावखुरा. वसंतापर्यंत मांडी सांधली, पण तोवर डाव्या हाताची बोटं अशी तयार झाली होती की ती चेंडूलाही दोऱ्यासारखी वळवू लागली. पुढे तो बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, झाला. हेक्टन गावच्या संघात सगळे त्याला डावऱ्या म्हणत. त्याचा चेंडू बॅटजवळ येऊन बुडी मारायचा. लोक म्हणत, ही देवाची देणगी आहे. देणगी कसली, चुलीजवळचा तो हिवाळा होता. पण हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, तेही ऐका. हेक्टनचे खेळाडू म्हणजे कोळशाच्या खाणीतून वर आलेली माणसं. तंबाखू चघळायची, मोडलेलं बोट स्वतःच ओढून सरळ करायचं, आणि दुसऱ्याच्यात काही नाजूक दिसलं की त्याचा जन्म नकोसा करायचा. एक खेळाडू एकदा ढगाळ दिवशी छत्री घेऊन मैदानावर आला. पुढची दोन वर्षं तो धावायला लागला की प्रेक्षकांतून केसांच्या पिना यायच्या. शेवटी तो गाव सोडून गेला. एमसनं त्या पिना पाहिल्या होत्या.

आमच्याकडे रविवारी चेंडू खेळायला कायद्यानं बंदी. त्यामुळे रविवार आमचा. चर्चमधून आला की एमस कोट काढायचा, कोठारघराचं दार लावून घ्यायचा आणि मग आम्ही तिघं. टेबलाच्या कडांना लेस, उशांना लेस, लिओराच्या पेटीकोटाला लेस. लिओरा म्हणजे त्याची बहीण. तिच्यासाठी दादानं लोकरीची शालही विणली होती. आणि नुसतं विणकाम नव्हे. सफरचंदांचा मोरंबा, कोबीचं लोणचं, लवंग टोचून व्हिनेगरमध्ये घातलेलं पीचचं गोड लोणचं, सगळं तोच करायचा. लिओराला साधं अंडं उकडता येत नव्हतं. पण बरण्या संघात जायच्या त्या तिच्या नावानं.

त्या बरण्यांवर सगळ्यात जास्त हात मारायचा तो एमलिन प्राइस. एमलिन कॅचर, म्हणजे एमसनं फेकलेला प्रत्येक चेंडू झेलणारा. नऊ वर्षांचा असल्यापासून तो खाणीत होता. चेंडूनं त्याला उन्हात आणलं होतं. त्याचं एकही बोट सरळ नव्हतं आणि तोंड कधी बंद नव्हतं. पीच खाता खाता तो एमसला म्हणायचा, "अरे डावऱ्या, तुझ्या बहिणीला सांग, मला तिचं तोंडसुद्धा बघायचं नाही. मी बरणी बघितली आहे. मी तयार आहे."

एमस कानापर्यंत लाल व्हायचा. सगळ्यांना वाटायचं, बहिणीवरून चिडवलं म्हणून.

आम्हाला सोडून त्याला जाववत नसे आणि पिशवीत ठेवायची भीती वाटे. बाहेरगावी खेळाडू एका पलंगावर दोघं झोपायचे, एकमेकांच्या पिशव्या उचकटायचे. म्हणून आम्ही दोघे हातरुमालात गुंडाळून त्याच्या खेळायच्या पँटच्या मागच्या खिशात. सामन्यातसुद्धा. कुणी आम्हाला पाहू नये म्हणून त्यानं आम्हाला हजार माणसांसमोर आणलं. माणसं अशीच लपवतात.

आणि आता माझी लाज.

खिशात अंधार असायचा. मला खेळ बघायचा असायचा. मी टोकानं खिशाची शिवण ढोसायचो, रोज एकेक टाका. दादा म्हणायचा, "आत हो." मी म्हणायचो, जरा बघू तर दे. संघातल्या निम्म्या लोकांचे मोजे एमस गुपचूप रफू करायचा, पण स्वतःच्या खिशाचं भोक त्याला दिसलं नाही.

ऑगस्ट महिना, ब्रॅडी मिलच्या संघाशी शेवटचा सामना. त्या दिवशी प्रेक्षकांत गवती टोपीचा एक गृहस्थ बसला होता. मोठ्या शहराच्या संघानं त्याला जोडी बघायला पाठवलं होतं. पिचर आणि कॅचर, दोघंही एकदम. एमलिन सकाळपासून उड्या मारत होता. शहरात म्हणे जमिनीखाली फक्त पाण्याचे नळ असतात, माणसं नसतात, असं तो सगळ्यांना सांगत होता.

पाच डाव एमसनं त्यांना धाव काढू दिली नाही. ऊन असं, की सहाव्या डावात त्यानं घाम पुसायला खिशातला हातरुमाल ओढून काढला आणि पोटाशी खोचला. आम्ही मोकळे झालो. मी लगेच भोकाशी. एमस चेंडू घ्यायला वाकला आणि मी डोकं बाहेर काढलं.

काय सुंदर दिसत होतं. पिवळं गवत, धुळीत पांढऱ्या रेघा, टोप्याच टोप्या. मागून दादा म्हणाला, "आत हो." मी झालो नाही. दुसऱ्या बेसवर, म्हणजे बरोबर एमसच्या पाठीमागे, ब्रॅडी मिलचा कप्तान होक उभा होता. माझ्या टोकावर ऊन चमकलं ते त्यानं पाहिलं. त्यानं हात वर करून पंचाला हाक मारली आणि सांगितलं की डावऱ्याच्या खिशात काहीतरी आहे, बघा.

पंच आला. आला तसा त्यानं खिशात पंजा घातला. मी घाबरून मागे सरकलो आणि मीच उसवलेल्या शिवणीतून पँटच्या आतल्या बाजूला खाली घसरलो. पँटचा घेर गुडघ्याखाली आवळलेला असतो, तिथे अडकलो. पंचाच्या हाताला लागला तो दादा.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. आणि एमसचा गुडघा. तो कसा थरथरत होता ते जगात मला एकट्याला माहीत आहे.

पंच म्हणाला, "हे काय?"

होक मागून म्हणाला की चेंडू कापायचं हत्यार असणार, दुसरं काय. चेंडूला ओरखडा पाडला की तो वेडावाकडा वळतो, आणि ती फसवणूक. त्या काळी सगळा सामना एकाच चेंडूवर चालायचा. सहाव्या डावापर्यंत तो चेंडू तंबाखूच्या थुंकीनं काळा आणि मार खाऊन खरबरीत झालेला असायचाच. पंचानं तो हातात फिरवून पाहिला आणि हुंकार दिला.

तेवढ्यात एमलिन धावत आला. म्हणाला, "पंचसाहेब, सकाळपासून हा चेंडू माझ्या हातात येतोय. कापलेला असता तर मला कळलं नसतं? बायकोला नवऱ्याचं पाऊल कळतं तसा मला याचा चेंडू कळतो."

"मग हे काय आहे ते यानं सांगावं."

मी गुडघ्याशी पडून मनात म्हणत होतो, सांग. लेस विणतो म्हण. एवढंच तर आहे.

मग बाकावरून आमच्याच संघातला कुणीतरी बोलला, "अरे, माझ्या आजीकडे अगदी असलंच आहे. उशीला झालर करते." आणि दोन-चार जण हसले. वाईट नव्हतं ते हसू. नुसतं उन्हात कंटाळलेल्या माणसांचं होतं.

पण एमसच्या गुडघ्यानं ते ऐकलं. एकदम थरथर थांबली.

"चेंडू ओरखडायला ठेवलंय," तो म्हणाला.

खोटं. माझ्या दादानं आयुष्यात लोकरीशिवाय कशाला स्पर्श केला नव्हता. मेंढीच्या पिल्लालासुद्धा लागलं नसतं असं त्याचं गोल, मऊ टोक होतं. आणि हजार माणसांसमोर त्याला चोराचं हत्यार केलं. मी ओरडलो असतो. मला तोंड कुठे आहे.

मग तो आवाज आला. एकदाच. सुकी काटकी मोडावी तसा. पंचानं दादाला दोन्ही हातांत धरून मोडलं आणि तुकडे धुळीत फेकले.

दादा शेवटी काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. लोक फार ओरडत होते.

पंचानं सामना ब्रॅडी मिलला दिला. गवती टोपीवाला निकाल ऐकायच्या आधीच उठून गेला म्हणे. कपडे बदलायच्या खोपटात एमलिन एमसच्या समोर येऊन बसला. बराच वेळ बोलला नाही, आणि एमलिन बोलला नाही म्हणजे काय ते त्या संघालाच कळेल. मग म्हणाला, "तू कापलेला नाहीस. मला माहीत आहे. मग का म्हणालास?"

एमस बुटाची नाडी बांधत राहिला. बांधलेलीच होती ती.

"लोक मला विचारतील, डावऱ्या. मी काय सांगू?"

"सांग तुला माहीत नव्हतं."

"कॅचरला माहीत नव्हतं?" एमलिन म्हणाला. "मग मी लबाड नाही, आंधळा. असाच ना?"

तो उठला आणि गेला. बाकावर पीचची अर्धी बरणी होती, ती त्यानं नेली नाही.

बेसबॉलच्या मंडळानं दोघांनाही खेळायला कायमची बंदी केली. पिचरनं कबूल केलेलं, आणि कॅचरनं पंचासमोर शपथेवर सांगितल्यासारखं नाकारलेलं. म्हणजे तो सामील, असं सगळ्यांनी धरलं. एमलिन पुन्हा खाणीत उतरला. सव्वीस वर्षं उतरत राहिला. ज्या उन्हात मी डोकं काढलं ते ऊन त्याचं होतं.

एमस दुसऱ्या खोऱ्यात बहिणीच्या घरी राहायला गेला आणि लाकडाच्या वखारीत कामाला लागला. लोकरीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. मला मात्र सोडलं नाही. माझ्याकडून त्यानं पलंगपोस विणून घेतले, एकेकाला दोन-दोन हिवाळे. जिल्ह्याच्या जत्रेत ते लिओराच्या नावानं जायचे आणि पहिल्या नंबराची निळी फीत घेऊन यायचे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर सहा फिती. पाहुणे आले की लिओराचं कौतुक करायचे आणि ती चहात मीठ घालून द्यायची, चुकून.

यंदा घोटाळा झाला. जत्रेच्या बायकांनी लिओराला पत्र पाठवलं. सहा वेळा पहिली आलेल्या बाईंनी तीन दिवस मंडपात बसून सगळ्यांना विणून दाखवावं, अशी विनंती होती. एमस म्हणाला, तुझा हात दुखावलाय म्हणून कळव.

लिओरा कणीक तिंबत होती. ती काही चांगली तिंबत नाही. तिनं हात झटकले. "मी पंचावन्न वर्षांची झाले, एमस. तुझ्या लोणच्यावर मला लग्नाच्या मागण्या आल्या, तुझ्या लेसवर फिती आल्या. आता माझ्या हातावर खोटी पट्टी बांधू? यंदा माझं नाव घातलंस तर मी मंडपात उभी राहून सांगेन की मला साधी गाठ मारता येत नाही."

"मग मी पाठवतच नाही."

"नको पाठवू. पेटीत ठेव. तुझ्याबरोबर पुरायला होईल."

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली, कडक कॉलर लावली आणि पलंगपोसाच्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं. मला वाचता येत नाही, पण हात किती वेळ कागदावर थांबला ते मी पाहिलं.

मंडपात तो खुर्चीवर बसला. पहिल्या बाईनं विचारलं, "तुमच्या बाईसाहेब कुठे गेल्या? खुर्ची धरून बसलात होय?" त्यानं मला बाहेर काढलं. सव्वीस वर्षांनी मी माणसांसमोर उजेडात आलो. खरं सांगतो, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मला वाटलं, पुन्हा कुणीतरी ओरडेल.

बायकांनी डोळे विस्फारले, मग जवळ सरकल्या. एकीनं खांब कसा धरता ते पुन्हा दाखवा म्हटलं. दुपारपर्यंत घोड्यांची वजन ओढायची स्पर्धा बघायला आलेले पुरुषही डोकावू लागले. कुणी हसलं, कुणी कोपरानं कुणाला ढोसलं. एक म्हातारा म्हणाला, "हा तर तो चेंडू कापणारा डावऱ्या." ते वाक्य मंडपातून बाहेर गेलं आणि डोंगरापलीकडेही गेलं असावं. कारण तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, एमलिन प्राइस आला.

मी त्याला आधी ओळखलं नाही. वाळला होता. दर चार पावलांनी थांबून खोकत होता. बोटं पाहिली तेव्हा ओळखलं. तो गर्दीच्या मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. एमसकडे नाही, माझ्याकडे. गर्दी पांगली तेव्हा पुढे आला आणि जाकिटाच्या घड्याळाच्या खिशातून त्यानं काहीतरी काढून हातावर ठेवलं.

दादा होता. वरचा अर्धा, टोकाचा. हाताळून हाताळून पिवळा झालेला. त्या दिवशी धुळीतून एमलिननं उचलला होता.

"सव्वीस वर्षं हे घासून बघतोय," एमलिन म्हणाला. "चामड्यावर घासलं. लाकडावर घासलं. साबणसुद्धा कापत नाही हे."

"माहीत आहे," एमस म्हणाला.

"मग हे काय होतं, एवढंच सांगायचं होतंस."

"लोक हसले असते, एमलिन."

"हसले असते. मीही हसलो असतो." त्याला खोकला आला, तो थांबेपर्यंत एमलिननं एमसकडे पाहिलं नाही. "पुढच्या डावापर्यंत."

एमसनं मला हातातल्या पलंगपोसावर ठेवलं.

एमलिन पलंगपोसाकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "आणि ते लोणचं?"

"तेही मीच करायचो."

एमलिनचं तोंड उघडलं, तो हसणारसं वाटलं, पण त्या छातीतून हसू वर येईना, नुसता खोकलाच आला. त्यानं दादाला एमसच्या गुडघ्यावर ठेवलं. त्याच गुडघ्यावर. आणि वळला. एमसनं विचारलं की घरी येशील का. त्यानं होही म्हटलं नाही आणि नाहीही.

त्यालाही आता चार दिवस झाले. एमसनं अक्रोडाच्या लाकडाची एक मूठ कोरली आणि दादाचं अर्धं अंग तिच्यात बसवलं. दुकानातून राखाडी लोकर आणली. छातीवरून दोनदा फिरेल असा रुंद गळपट्टा विणायला घेतला आहे. मूठ जड आहे, एमसची बोटं आता सांध्यांत सुजतात, एक ओळ झाली की त्याला हात गरम पाण्यात धरावे लागतात. एमलिन तो गळपट्टा घेईल की नाही, कुणाला माहीत नाही. शेजारी पीचच्या दोन बरण्या भरून ठेवल्या आहेत. चिठ्ठीवर नाव एमसचं.

लोकरीच्या कामात माझा उपयोग नाही. मी टेबलावर पडून दादाला बघतो. तो काम करतो, पण बोलत नाही. लाकडात बसवलेलं हाड बोलत नसेल. की माझ्याशी बोलत नसेल.

तुमच्या खिशात काय आहे, असं कुणी विचारलं, तर जे आहे ते सांगा, एवढं माझं ऐका. हसतील, हसू द्या. तुम्ही सांगितलं नाहीत, तर तुमच्याऐवजी दुसरं कुणीतरी मोडतं.

आणि दादा, तू ऐकत असशील तर. मी कडेला सरकून टेबलाबाहेर डोकं काढलं आहे. खाली फरशी आहे, दगडी. एकदा म्हण ना, "आत हो." या वेळी मी होईन.